पाहुण्या पाखरांचा जमाखर्च

निफाडचा पारा खाली उतरला की वर्तमानपत्रांत दोन प्रकारच्या बातम्या येऊ लागतात. पहिली चिंतेची असते. थंडीने द्राक्षांचे मणी तडकतील काय, पहाटे बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतील काय, हा तिचा विषय. दुसरी आनंदाची असते. नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर परदेशी पाहुणे दाखल झाल्याची ती वार्ता. थंडी एकच आणि तालुकाही एकच. परंतु पहिल्या बातमीतील माणसाची आणि दुसऱ्या बातमीतील माणसाची सहसा गाठ पडत नाही.

हिवाळ्यातील शनिवार-रविवारी चापडगावच्या बाजूस मोटारींची रांग लागते. नाशिकहून, मुंबईहून, पुण्याहून आलेली मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून मनोऱ्यावर चढतात. समोर उथळ पाणी पसरलेले असते. त्यावर चक्रवाकांच्या जोड्या, थापट्यांचे थवे, शेपटीच्या टोकदार पिसामुळे ओळखू येणारी तलवार बदके, पाणकणसांच्या कडेने फिरणारी जांभळी पाणकोंबडी, आणि दैव अनुकूल असेल तर दूरच्या शेतात उतरलेले क्रौंच दिसतात. हजारो कोसांचा प्रवास करून आलेला हा लवाजमा पाहताना शहरी माणसाचे मन क्षणभर मोठे होते. या आनंदाची टवाळी करण्याचे काहीच कारण नाही. जो समाज पाखरांकडे निरपेक्ष दृष्टीने पाहावयास शिकला, तो एका अंगाने तरी सुसंस्कृत झाला असेच म्हटले पाहिजे.

या स्थळाला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ असे कौतुकाने म्हटले जाते. २०२० सालच्या आरंभी रामसर करारातील पाणथळांच्या यादीत त्याचा समावेश झाल्याचे जाहीर झाले आणि असा मान मिळवणारे ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. तेव्हापासून तर ही उपमा अधिकच अभिमानाने उच्चारली जाते. परंतु ज्याची उपमा आपण मिरवतो, त्याचा जमाखर्चही एकदा नीट तपासून पाहणे शहाणपणाचे असते. भरतपूर ही केवळ पाखरांची कहाणी नाही. ती पाण्याची, म्हशींची, गवताची आणि बंदुकीच्या गोळीचीही कहाणी आहे. आणि तिच्यातील धडा महाराष्ट्राने अद्याप पुरता घेतलेला नाही.

राजस्थानातील भरतपूर शहराला लागून असलेले केवलादेव उद्यान जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरांचे आहे. केवलादेव हे तेथील शिवमंदिराचे नाव. ही भूमी मूळची खोलगट. अठराव्या शतकात सूरजमलच्या राजवटीत अजान बांध घातला गेला आणि तिथे पाणी साचू लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी बदकांच्या शिकारीसाठी बांध, पाट आणि दरवाजे बांधून या पाण्याची पद्धतशीर विभागणी केली. म्हणजे ज्याला आज निसर्गाचे देणे म्हणून नावाजले जाते, ते प्रत्यक्षात माणसाच्या हातांनी उचललेल्या मातीचे आणि माणसाने अडवलेल्या पाण्याचे काम आहे. त्या मातीची टोपली वाहणाऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. कोरलेली आहेत ती शिकार करणाऱ्या बड्या पाहुण्यांची. मंदिराजवळच्या शिलालेखांवर कोणत्या दिवशी किती पक्षी पडले, याचा हिशेब आजही वाचता येतो. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी तेथील नोंद आहे.

स्वातंत्र्यानंतर काळ पालटला. ही झील कोरडी करून तिची जमीन शेतीसाठी वाटून द्यावी, अशी मागणी त्या भागातून पुढे आली. डॉ. सलीम अली यांनी तिला विरोध केला, प्रश्न थेट पंडित नेहरूंपर्यंत नेला आणि झील वाचली. बंदुकांचे आवाज हळूहळू थांबले. १९७६ साली पक्षी अभयारण्य झाले, १९८०च्या दशकाच्या आरंभी त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळांत गणना केली. शिकाऱ्याची जागा निरीक्षकाने घेतली, हा निःसंशय सभ्यतेचा विजय होय.

मात्र या सगळ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट अखंड चालू होती. भोवतालच्या गावांतील म्हशी आणि गुरे या भूमीत चरत होती. राजा असताना चरत होती, बड्या शिकारी होत असताना चरत होती, सलीम अली पक्ष्यांच्या पायांत वाळे घालीत होते तेव्हाही चरतच होती. सुमारे अडीच हजार जनावरांचे पोट या चराईवर अवलंबून होते आणि त्या जनावरांवर शेकडो घरांतील दूधदुभते. गावकऱ्यांच्या दृष्टीने ही सवलत नव्हती; पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती.

राष्ट्रीय उद्यान झाल्याबरोबर कायद्याचे बोट या वहिवाटीवर पडले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावरांच्या चराईस मज्जाव आहे. १९८२च्या नोव्हेंबरात ही बंदी अमलात आली. म्हशींच्या चाऱ्याची दुसरी सोय काय, हा प्रश्न सुटण्यापूर्वीच वाटा बंद झाल्या. गावकरी विरोधासाठी जमले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात अनेक गावकरी प्राणास मुकले. पाखरांवर बंदूक चालविण्याचे जिथे थांबले होते, तिथे ती माणसांवर चालली. भरतपूरच्या गौरवगाथेत हे पान सहसा वाचले जात नाही.

येथवरची कथा अन्यायाची आहे, आणि असे अन्याय या देशात नवे नाहीत. परंतु पुढे जे घडले, ते भरतपूरला केवळ अन्यायाचे उदाहरण राहू देत नाही.

चराई थांबल्यानंतर झिलीतील पाणगवत बेसुमार माजले. म्हैस हे जनावर काठावरच चरून परतत नाही. ती पोटाइतक्या पाण्यात शिरते, तेथील गवत खाते, चिखल तुडवते आणि तिचे शेण पाण्यात मिसळून त्यातील जीवसृष्टीला खाद्य पुरवते. तिच्या या रोजच्या वावरामुळे झिलीचा पृष्ठभाग मोकळा राहत होता. ती गेली आणि मोकळ्या पाण्यावर गवताची जाड गादी पसरली. बदकांना उतरावयास जागा उरेना. माशांच्या आणि पाणवनस्पतींच्या वाढीस अडथळा आला. ज्या पाखरांसाठी म्हशींना हाकलले, त्या पाखरांचीच अडचण झाली.

ही गोष्ट कोणा चळवळ्याने सांगितलेली नाही. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८०पासून दहा वर्षे या झिलीचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. चराईचा उपद्रव होतो असे मानणाऱ्या वर्तुळातच या संस्थेचा वावर होता. तरीही तिच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासाअंती निष्कर्ष काढला तो असा की, म्हशींची चराई हा या पाणथळाच्या व्यवस्थेचा एक अविभाज्य घटक होता आणि मर्यादित प्रमाणात ती पुन्हा सुरू होणे इष्ट आहे. स्वतःच्या पूर्वग्रहाविरुद्ध पुरावा मिळाला असता तो प्रसिद्ध करावा, ही वैज्ञानिक सचोटी होय. तिचे श्रेय संस्थेला दिलेच पाहिजे. परंतु शास्त्राने आपले मत बदलले तरी कायद्याचे कलम बदलले नाही. पुढे गावकऱ्यांना परवाना घेऊन गवत कापून नेण्याची मुभा मिळाली. म्हणजे म्हैस जे काम फुकट करीत होती, ते तिच्या मालकाने विळ्याने करावे आणि भारा डोक्यावरून वाहून न्यावा, अशी ही तडजोड होती.

सगळेच दुष्परिणाम चराईबंदीच्या माथी मारणेही योग्य ठरणार नाही. भरतपूरची खरी कीर्ती सायबेरियातून येणाऱ्या शुभ्र क्रौंचांमुळे होती. १९६०च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. ती उतरत गेली आणि २००२च्या हिवाळ्यात दिसलेल्या अखेरच्या जोडीनंतर ते तिथे परतले नाहीत. या ऱ्हासामागे अफगाणिस्तान-पाकिस्तानमार्गे येताना त्यांच्या होणाऱ्या शिकारीचा मोठा वाटा होता. देशोदेशींच्या सीमा ओलांडणाऱ्या पाखराचे रक्षण एका भिंतीने होत नाही, एवढाच याचा अर्थ.

अमेरिकन शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली ‘सामायिक मालमत्तेची शोकांतिका’ हा सिद्धांत मांडला. सर्वांना खुल्या असलेल्या कुरणात प्रत्येक गुराखी आपले आणखी एक जनावर सोडतो, कारण लाभ त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांचा. अखेर कुरण उजाड होते, असा त्यांचा युक्तिवाद. अर्थशास्त्राच्या वर्गांतून तो पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेला आणि शासनांच्या हाती एक सोयीचे हत्यार आले. सामायिक असेल ते एक तर खासगी करा, नाही तर त्यावर सरकारचा पहारा बसवा! एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरच्या कुरणांचा, पाटांचा आणि मासेमारीच्या क्षेत्रांचा अभ्यास करून दाखवून दिले की, वापरणारे लोक स्वतःच नियम ठरवून, एकमेकांवर लक्ष ठेवून अशी संपत्ती दीर्घकाळ टिकवतात. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. भरतपूरने या वादात आपली एक साक्ष नोंदवून ठेवली आहे. तेथील बिघाड गुरे वाढल्याने झाला नव्हता. गुरे काढून टाकल्याने झाला होता.

तथापि, ‘स्थानिक जनतेवर सोपवा म्हणजे सर्व ठीक होईल’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनाही भरतपूर सुखाने झोपू देत नाही. हा दुसरा धडा पाण्याचा आहे. झिलीला गंभीर नदीचे पाणी मिळत असे. या नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले आणि झिलीच्या वाट्याचे पाणी धरणाच्या दरवाजामागे गेले. उद्यानाची वार्षिक गरज सुमारे ५५ कोटी घनफुटांची. २००४ साली पावसाने ओढ दिली असताना, धरण परिसरातील शेतकऱ्यांच्या विरोधापुढे नमून राज्य शासनाने उद्यानाला पाणी सोडले नाही. झील भेगाळली. पुढची काही वर्षे टंचाईचीच गेली. कोरड्या पडलेल्या तळावर वेडी बाभूळ पसरली.

या प्रसंगी चूक कोणाची? पिके करपत असताना धरणातले पाणी शंभर किलोमीटरवरच्या बदकांसाठी सोडावे, हे शेतकऱ्याला पटणे कठीण होते. भरतपूरच्या झिलीतून त्याच्या पदरात काही पडत नव्हते. दुसरीकडे, नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या जीवसृष्टीचा आणि माणसांचा पाण्यावर काहीच हक्क नाही, असे म्हणणेही न्यायाचे नाही. शेतकऱ्याचाही मोह असतो, जसा तो संस्थानिकाचा होता आणि पर्यटकाचा आहे. उणीव होती ती दोन्ही हक्कांची बैठक घालून, कोणत्या वर्षी कोणी किती सोसावे हे आगाऊ ठरविणाऱ्या व्यवस्थेची. ती नसल्यामुळे ऐन दुष्काळात ज्याचा आवाज मोठा त्याचे पाणी, असा निवाडा झाला. पाखरांना मताधिकार नाही, आणि झिलीकाठच्या गावांना विश्वासाने जवळ ठेवलेले नव्हते. मग झिलीच्या बाजूने आवाज उठवणार कोण? अखेरीस गोवर्धन नाल्याच्या पुराचे पाणी नळांवाटे आणण्याची योजना २०१२च्या सुमारास पुरी झाली आणि चंबळच्या पाण्याचाही आधार मिळाला. झील पुन्हा भरू लागली. परंतु नदी आपल्याबरोबर माशांची पिल्ले आणि पाणवनस्पतींची बीजे वाहून आणत असे. त्याची भरपाई नळाने होत नाही.

भरतपूरच्या हिशेबात जमेची बाजूही आहे, आणि ती तेथील गरिबांनीच उभी केली आहे. उद्यानात मोटारींऐवजी सायकलरिक्षा फिरतात. त्या ओढणाऱ्यांना पक्ष्यांची ओळख शिकविण्यात आली, आणि शंभराहून अधिक रिक्षावाल्यांनी ती विद्या अशी आत्मसात केली की, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला माणूस परदेशी पाहुण्याला बदकाच्या जाती इंग्रजी नावांनिशी सांगू लागला. झाडाच्या ढोलीत मिटल्या डोळ्यांनी बसलेले पिंगळे शोधून काढणारी नजर त्याची. वेडी बाभूळ उपटून काढण्याचे कामही काठच्या गावांतील कुटुंबांवर सोपविले गेले. लाकूड त्यांनी न्यावे आणि जमीन झिलीला मोकळी करून द्यावी, असा तो व्यवहार. ज्या गावांना भिंतीबाहेर काढले होते, त्यांच्याच हातांनी भिंतीआतली झील साफ झाली. संरक्षण आणि उपजीविका यांचे हाडवैर आहे असे मानणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा विचार करावा.

आता पुन्हा नांदूर मध्यमेश्वरकडे वळले पाहिजे. येथील पाणथळही माणसाचीच निर्मिती आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला तो कोपरगाव-राहात्याकडील शेतीला कालव्यांनी पाणी देण्यासाठी. पाखरांचा विचार त्यामागे नव्हता. शंभर वर्षांत गाळ साचला, बेटे तयार झाली, पाणकणीस वाढले आणि अभियंत्याच्या दृष्टीने जी धरणाची हानी, ती पाखरांच्या दृष्टीने सोय ठरली. १९८६ साली अभयारण्य घोषित झाले. त्याच्या परिसरात गावे आहेत, शेती आहे, मासेमारी करणारी कुटुंबे आहेत, पाण्यावर येणारी गुरे आहेत. भरतपूरला १९८०च्या दशकाच्या आरंभी जे प्रश्न उभे राहिले, ते सर्व येथे बीजरूपाने हजर आहेत.

एक फरक मात्र महाराष्ट्राच्या बाजूचा आहे. हे राष्ट्रीय उद्यान नसून अभयारण्य आहे. कायद्याने येथे चराईस सरसकट मज्जाव नाही; तिचे नियमन करता येते. शिवाय २००६च्या वनहक्क कायद्याने चराई आणि जलाशयातील मासळी यांवरील सामूहिक हक्कांना मान्यता दिली आहे, आणि त्या कायद्याच्या कक्षेत अभयारण्येही येतात. ज्या रामसर कराराचा एवढा अभिमान बाळगला जातो, तोही १९७१ सालापासून पाणथळांच्या विवेकी वापराचा पुरस्कार करीत आला आहे. वापर थांबवा असे तो सांगत नाही. तेव्हा मार्ग मोकळा आहे. प्रश्न इच्छेचा आहे.

या दृष्टीने काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. काठावरच्या गावांची गुरे आणि जाळी यांवर कोणताही निर्बंध घालण्यापूर्वी ग्रामसभांशी विचारविनिमय झाला पाहिजे, आणि त्याला केवळ मनोऱ्यावरून केलेल्या तक्रारींचा नव्हे, तर अनेक वर्षांच्या निरीक्षणाचा आधार असला पाहिजे. दर हिवाळ्यात पक्ष्यांची गणना होते, ती स्तुत्यच आहे. तिच्या जोडीला त्या वर्षी किती गुरे चरली, किती मासळी निघाली, पाण्याची पातळी कितीवर होती, याचीही नोंद झाली तर दहा वर्षांत भरतपूरसारखे उत्तर हाती येईल, आणि तेही गोळी न चालता. कालव्याचे आवर्तन ठरविताना हिवाळ्यातील किमान पातळीचा विचार वरच्या व खालच्या शेतकऱ्यांच्या साक्षीने, अवर्षणाचे वर्ष येण्यापूर्वीच व्हावा. प्रवेशशुल्काचा एक निश्चित हिस्सा गावांना कृपा म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळावा. चापडगावची जी तरुण मंडळी आज पक्षी दाखविण्याचे काम करतात, त्यांची संख्या वाढावी आणि त्यांच्या कामाला स्थैर्य यावे.

आणि सर्वांत मोठा प्रश्न शहराचा आहे. या जलाशयावर हिरवा गालिचा अंथरणारी पाणवेल काठच्या मच्छीमाराने आणलेली नाही. तिला पोसणारी घाण गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या नाशिक नगरीच्या सांडपाण्यातून येते. जो नागरिक रविवारी दुर्बीण घेऊन येथे येतो, त्याच्याच घरातले पाणी सोमवारी नदीवाटे येथे पोहोचते. मच्छीमाराच्या जाळ्यावर बंदी घालणे सोपे असते, कारण तो दुर्बळ आहे. महानगराच्या गटारांना शुद्धीकरणाची सक्ती करणे अवघड असते, कारण तेथे मते आहेत, पैसा आहे आणि दुर्बिणीही तेथेच आहेत. संरक्षणाचा खर्च नेहमी खालच्या अंगाला वाहत जातो आणि त्याचा आनंद वरच्या अंगाला चढत जातो. हा उतार बदलणे हेच खरे काम आहे.

पक्षिनिरीक्षकांनी या कामात मागे राहू नये. त्यांच्यापाशी शिक्षण आहे, वर्तमानपत्रे त्यांचे म्हणणे छापतात आणि अधिकारी त्यांचे ऐकतात. त्या वजनाचा उपयोग गुराख्याला काठावरून उठविण्यासाठी झाला, तर भरतपूरची चूक चाळीस वर्षांनी पुन्हा घडेल. तो नाशिकच्या सांडपाण्याचा जाब विचारण्यासाठी झाला, तर पाखरांचे आणि माणसांचे दोघांचेही हित होईल. २ फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन येतो, तेव्हा पाहुणी पाखरे येथेच असतात. यंदा त्या दिवशी मनोऱ्यावरच्या मंडळींनी खाली उतरून काठावरच्या जाळेवाल्याशी आणि म्हशीमागच्या पोराशी बोलावे. या पाण्याविषयी त्यांना पुष्कळ ठाऊक आहे. ते त्यांना आजवर फारसे कोणी विचारलेले नाही.